तीन बाहेर, दोन आत

‘नहीं,’ जनार्दन म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण खोटं का बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. डॉक्टर नंदकिशोर यांनी एवढंच विचारलं होतं, ‘घर में कोई पानी की गोली तो नहीं लेता?’ प्रश्न साधा होता. विचारणारा माणूसही साधाच दिसत होता. जयपूरच्या मालवीय नगरातला त्यांचा दवाखाना म्हणजे एका बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्या, छताला खडखडणारा पंखा आणि भिंतीवर मूत्रपिंडाचं उभं चिरलेलं चित्र. पडद्यापलीकडे इंदुमती, जनार्दनची बायको, तपासणीच्या उंच टेबलावरून उतरून पायानं चपला चाचपत होती, तो सरपटता आवाज त्याला ऐकू येत होता. आणि तिकडे रेल्वे क्वार्टरमध्ये, कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीशेजारी, त्याच्या आईच्या पाण्याच्या गोळ्यांचं पाकीट होतं. द्वारकाबाईचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज यायची, ती लघवीवाटे उतरावी म्हणून रोज सकाळी एक गोळी. आणून देणारा जनार्दनच. मग नाही कशाला म्हणायचं? पण डॉक्टरांनी विचारताना मान किंचित कलती केली होती, ओठ हसरे ठेवले होते आणि डोळे मात्र हसत नव्हते. ती मुद्रा जनार्दनच्या चांगल्या ओळखीची होती. तो तिकीट तपासनीस. समोरच्याकडे तिकीट नाही हे आधीच कळलेलं असतं, तरी अदबीनं ‘टिकट दिखाइए’ म्हणताना तो स्वतः इतकी वर्षं हीच मुद्रा करत आला होता. हा माणूस आपल्या घरावर संशय घेतोय एवढं त्याला कळलं. संशय घ्यायचं काम तर आपलं. त्याला राग आला आणि रागाच्या भरात ‘नहीं’ निघून गेलं.

इंदुमती मे महिन्यात सिटी बसमधून उतरताना पायरीवरच मटकन बसली, तिथून हे सगळं सुरू झालं होतं. लोक म्हणाले, लू लागली, ऊन बाधलं. जयपुरात त्या दिवसांत कुणालाही काही झालं की लूच लागते. पण तिच्या हाताची बोटं आखडून एका जागी जुळली होती, ती काही केल्या सुटेनात, आणि पाय आपले नाहीतच असं ती म्हणत होती. एका डॉक्टरनं दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्यानं नंदकिशोर यांच्याकडे. त्यांनी रक्त घेतलं, साखर तपासली, साखर निघाली नाही तेव्हा पुन्हा साखरच तपासली. इथेच जनार्दनच्या मनात पाल चुकचुकली. नाही निघाली तर नाही निघाली, पुन्हा कशाला? मग एका अख्ख्या दिवसाची लघवी मागितली. प्लॅस्टिकचा कॅन पिशवीत घालून, काळा कोट अंगात असलेला जनार्दन सिटी बसमध्ये उभा राहिला, आणि कुणी विचारलं तर रॉकेल आहे म्हणायचं असं त्यानं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही. पण प्रत्येकजण पिशवीकडेच पाहतोय असं त्याला सारखं वाटत राहिलं.

त्या कॅनमधून जे निघालं ते डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं, आणि तो तिकीट तपासनीस आहे हे कळल्यामुळे स्टेशनच्या भाषेत सांगितलं होतं. मूत्रपिंडात रक्त दिवसभर गाळलं जातं. गाळलेलं पाणी बारीक नळ्यांतून वाहतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं मीठ शरीर परत ओढून घेतं. नळीची भिंत म्हणजे पेशींची एकच रांग. प्रत्येक पेशीला दोन तोंडं, एक लघवीकडे, दुसरं रक्ताकडे. मिठातलं सोडियम लघवीकडच्या तोंडातून आत यायला बघतं, पण त्याला एकट्याला प्रवेश नाही. दारातून सोबत घेऊनच यावं लागतं. नळीच्या एका टप्प्यात एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असा चौघांचा जथा लागतो. थोडं पुढे गेलं की एका क्लोराइडची सोबत पुरते. आणि मागच्या दाराशी एक पंप बसलेला असतो, तो न थकता आतलं सोडियम रक्तात फेकत राहतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, की पुन्हा तीन बाहेर, दोन आत. माणूस झोपला तरी तो झोपत नाही. ‘तीन बाहर और दो अंदर?’ जनार्दननं लगेच विचारलं होतं, ‘मतलब हर बार एक कम?’ डॉक्टर खूश झाले. ‘यही तो बात है. अंदर हमेशा तंगी रहती है, इसीलिए बाहर वाला सोडियम अंदर आने को दौड़ता है.’

आणि पाण्याची गोळी काय करते? ती लघवीकडच्या त्या दारात जाऊन बसते. सोडियमला आत येता येत नाही, ते लघवीबरोबर वाहून जातं आणि जाताना पाणीही नेतं. पुढे शरीराची धावपळ होते. राहिलेलं सोडियम वाचवण्यासाठी ते त्याच्या बदल्यात पोटॅशियम सोडून देतं, आणि पोटॅशियम गेलं की पाय जातात, बोटं आखडतात. इंदुमतीच्या अंगात नेमकं हेच चाललं होतं. अंगात मिठाची ओढाताण, रक्ताचा दाब खाली, आणि लघवीतून मीठ मात्र भरपूर चाललेलं. ‘दो ही बातें हो सकती हैं,’ डॉक्टर म्हणाले, ‘या तो वह दरवाज़ा जन्म से खराब है, या उसमें कोई गोली बैठा रहा है. बाहर से दोनों एक जैसे दिखते हैं. जन्म वाला मैंने सिर्फ़ किताब में देखा है. गोली वाले बहुत देखे हैं.’ लघवीत गोळी शोधायची तपासणी इथं होत नव्हती. घरात गोळ्या असतील तर कुलपात ठेवा, काही दिवसांनी पुन्हा तपासू, मीठ वाहायचं थांबलं तर समजून जा, असं त्यांनी सुचवलं. आणि निघताना इंदुमतीला म्हणाले, ‘मीठा ज़रा कम कीजिए.’ तिनं काही न कळल्यासारखी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, जनार्दन दांडा धरून तिच्याजवळ उभा राहिला. वरून त्याला तिचा भांग दिसत होता, त्यात दोन-तीन पांढरे केस. तिनं मान वर करून विचारलं, ‘काय म्हनत होते डाक्टर तुमाले येवढ्या येळ?’

‘काही नाही. कमजोरी आहे म्हनले.’

‘अन् गोड कमी खा म्हनले थे काऊन? मी कुठी खाते गोड?’

‘डॉक्टर लोक सगळ्यालेच म्हणतात तसं,’ तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला. ती गोड खात नाही हे खरंच होतं. त्याचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतंच, तिच्या हातात होतं. हातातल्या पिशवीत होतं. ती पिशवी दवाखान्यात पडद्यामागे जातानाही तिनं खाली ठेवली नव्हती. पदराच्या टोकाला एक गाठ होती, तीही ती सारखी चाचपत होती. अशा गाठी त्यानं गाडीत पुष्कळ पाहिल्या होत्या. बायका त्यात पैसे ठेवतात, क्वचित तिकीटही ठेवतात, आणि कधी कधी तिकीट नाही हे लपवायला नुसतीच गाठ चाचपत बसतात. कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

ती स्वतःच गोळ्या खात असेल तर का खात असेल, हा विचार त्याला क्वार्टरच्या दारापर्यंत पुरला. कारण सापडायला वेळ लागला नाही. अकोला. अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीत बसलं की थेट जयपूर येतं, पण इंदुमतीच्या मनानं तो प्रवास कधी पुरा केलाच नव्हता. इथलं पाणी जड, इथली वाळू दातात येते, भाजीवाली बोलते ते अर्धं कळत नाही. बायकोच्या आजारपणावर बदली मागता येते. तशा बदल्या करून घेतलेले दोघे त्याच्याच कचेरीत होते, आणि त्यांच्या बायका आता गावी धडधाकट भाकऱ्या थापत होत्या. इंदुमतीला हे कुणी शिकवायला नको होतं, ती हुशार होती. हुशार आहे म्हणून तर आपण तिच्यावर खूश असायचो, असं त्याला आठवलं, आणि लग्नातली इंदुमती आठवली. पांढऱ्या साडीत, वंदना म्हणताना सगळ्यात स्पष्ट आवाज तिचा. त्या आवाजावर द्वारकाबाई भाळली होती. पोरगी आईनंच पसंत केली होती.

पण मग आईचं काय? हा दुसरा विचार त्याला भाजी निवडणाऱ्या आईकडे पाहताना आला, आणि आला तो गेलाच नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. मागच्या साली आई एकदा सरळ बोलून गेली होती, ‘मले मरायच्या आंधी या घरात लेकरू दिसन का नाही?’ त्यानंतर दोघींत कितीतरी दिवस अबोला होता. इंदुमती ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. मग कधीतरी, नेमकं कधी ते जनार्दनला सांगता आलं नसतं, तो अबोला संपला आणि त्याजागी भलतंच काहीतरी आलं. दोघी कुजबुजायला लागल्या. अंगणातून त्याला हसण्याचा आवाज यायचा आणि त्यानं दार ढकललं की घरात एकदम चिडीचूप. आई बटाटे सोलायला लागायची, बायको उगाच चादर झटकायची, जवळच्या बगरू गावची निळी छापाची चादर, कितीही झटकली तरी तेवढीच स्वच्छ. अबोला त्याला समजत होता. हे समजत नव्हतं. सासवा-सुना एवढ्या एकाएकी एक होत नाहीत. झाल्याच, तर एक दुसरीला काहीतरी गोड बोलून घोळात घेत असते. आपल्या आईबद्दल आपण असा विचार करतोय याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली तरी विचार थांबत नाही, हेही त्याला त्या दिवसांत कळलं.

त्यातून घर बिनमिठाचं. तेही त्याचंच काम. दिवाळीत आईच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा एका घरात दोन स्वयंपाक नकोत म्हणून जनार्दननं सगळ्यांचंच मीठ बंद केलं होतं. शिस्तीची त्याला आवड होती. मिठाचा डबा उचलून तो शेजारी देऊन आला होता, आणि तेव्हापासून रोज पहिला घास घेताना तो जीभ टाळूला लावून थांबायचा. आमटीत चुकार कण तर नाही ना. पहिल्या दिवशी इंदुमती ताटावरून उठली होती. ‘मले नाही जमत व आत्या असं,’ ती रडकुंडीला येऊन सासूला म्हणाली होती. त्यानं तिला झापलं. म्हातारी माणसं सोसतात आणि तुला चार दिवस जिभेला आवर घालता येत नाही? पुढे ती काही बोलली नाही. सवय झाली असेल, असं तो समजला.

एका दुपारी तो ड्युटीची पेटी घेऊन, ‘चाललो’ म्हणून निघाला, कॉलनीच्या फाटकापर्यंत गेला आणि परत आला. विसरलेलं काही नव्हतं. असं तो गाडीतही करायचा. डबा तपासून पुढे जायचा आणि एकाएकी मागं फिरायचा. लपलेले लोक तेवढ्यात संडासातून बाहेर आलेले असायचे. क्वार्टरच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी होती, तिला बारीक जाळी. उन्हानं डोळे दिपले होते, आतलं काही वेळ नुसतं काळं दिसलं. मग स्टोव्हची निळी ज्योत दिसली, आई दिसली, दोन कप दिसले. चहा गाळून झाला होता. द्वारकाबाईनं दाराकडे मान वळवून पाहिलं. पुढच्या दाराकडे, जिथून तो गेला होता. मग कमरेची चंची सोडली, चिमटीत काहीतरी पांढरं घेतलं, एका कपात टाकलं आणि बोटानं ढवळलं. तो कप घेऊन ती आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, ‘घे व बाई, पेऊन घे बिगीनं. थो नाही तोवर.’

जनार्दन तिथंच उभा राहिला. घाम मानेवरून कोटात उतरत होता. ओरडावं असं वाटलं, पण ओरडून काय सांगणार, आणि कुणाला? तो पुढून घरात शिरला तेव्हा दोघी दचकल्या. पेन विसरलं म्हणाला. इंदुमतीचा कप खाली होता, तळाशी उरलेला घोट त्यानं पेन शोधायच्या निमित्तानं उचलून तोंडात टाकला. खारट लागला, की कडवट? गोळीची चव कशी असते ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि घरात मीठ नाही हे ठाऊक होतं. खारटाची शक्यताच नव्हती म्हणून तो घोट कडू ठरला. संशयी जिभेला हवी ती चव लागते. त्यानं कोनाड्यातलं पाकीट उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. आई बघत होती.

‘गोया कुठी नेतं रे जना?’

‘डॉक्टर म्हणाले, काही दिवस बंद ठेवायच्या तुह्या गोळ्या.’

‘कोन्ते डाक्टर?’

‘तुहेच, माय. अजून कोणते?’

‘तू म्हनतं त मंग बरोबरच असन,’ द्वारकाबाई म्हणाली, आणि कप विसळायला उठली.

ती ड्युटी त्याला खूप लांब वाटली. वाळूचे लोट खिडक्यांतून आत येत होते, प्रवासी तोंडाला गमछे गुंडाळून बसले होते, आणि नुसत्या डोळ्यांवरून माणूस ओळखायचं त्याचं कसब त्या दिवशी चाललं नाही. सगळेच डोळे चोराचे वाटत होते. दारं बघितली की त्याला ती पेशींची रांग आठवे. आपण तिथं, त्या नळीत, दारावर उभे असतो तर काय केलं असतं? सोबत नसलेल्या सोडियमला आत घेतलं नसतं, हे नक्की. पण दारातच कुणी फतकल मारून बसलं असेल तर बाहेरच्याला कसं कळावं की दार मोडलंय की अडवलंय? डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. आतल्या खिशातलं पाकीट प्रत्येक श्वासाला छातीला टोचत होतं. गावी धाकट्या भावाकडे आईला पाठवून द्यावं का? कसं सांगावं भावाला? आपली आई माझ्या बायकोला विष घालते म्हणून? विष हा शब्द त्याच्या मनात पहिल्यांदाच आला. त्याच आईनं अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या फुफाट्यात खोकत राबून त्याला मॅट्रिक केलं होतं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी तिनं आणलेली जिलबी, तिच्या केसांत अडकलेला सरकीचा पांढरा तंतू, तो तिनं काढू दिला नव्हता, ‘राहू दे रे, उद्या आखीन अडकन,’ म्हणाली होती. हे सगळं त्याला आठवत होतं. आठवूनही तो मनाला विचारत होता, की त्या बाईला नातू हवा असेल आणि ही सून जड झाली असेल, तर?

तीन दिवसांनी परत आला तेव्हा आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. पायांवर सूज होती, घोट्याचं हाड दिसत नव्हतं. बोलताना ती मध्ये थांबत होती. ‘उनानं होते असं,’ ती म्हणाली, त्यानं विचारलंही नव्हतं. इंदुमती भिंत धरून धरून तिला पाणी नेऊन देत होती. गोळ्या परत द्याव्यात असं त्याला वाटलं. पण दुसरा कॅन आदल्याच दिवशी इंदुमतीच्या हातानं दवाखान्यात गेला होता, निकाल उद्यावर आला होता. आता गोळ्या दिल्या आणि काही निघालंच, तर? एक दिवस, त्यानं मनाशी म्हटलं. आईला रात्रभर आडवं होता आलं नाही, हे त्याला सकाळी कळलं.

सकाळी नंदकिशोर यांच्यासमोर दोघं बसले. निकाल वाचून डॉक्टर नाराज दिसले. मीठ तेवढंच वाहत होतं. घरात गोळी नसताना तेवढंच. म्हणजे आणखी कुठंतरी साठा आहे, जनार्दनला वाटलं. आणि डॉक्टरांनाही तेच वाटत होतं हे त्याला दिसलं. डॉक्टरांनी खुर्ची इंदुमतीकडे वळवली आणि अदबीनं, मान कलती करून विचारलं, ‘बहनजी, मीठा बंद किया आपने?’

‘बंद कैसा करूं?’ इंदुमतीचा आवाज थकलेला होता. ‘मीठ के बिना तो मेरा जीव जाता.’

‘मीठे के बिना किसी का जी नहीं जाता. पहले दिन भी आपने यही कहा था.’

‘मेरा जाता,’ ती म्हणाली, आणि तिला भोवळ आली असावी, कारण तिनं टेबलाची कड धरली. दुसऱ्या हातानं तिनं पदराची गाठ तोंडाशी नेऊन दातानं सोडली, चिमूट काढली आणि जिभेवर ठेवली. डॉक्टर ताडकन उठले. जनार्दनही उठला. सापडली! त्याच्या छातीत जे धडधडलं त्यात दुःख होतं, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही होता, शेवटच्या डब्यात माणूस सापडल्याचा. ‘क्या खाया आपने? दिखाइए,’ म्हणत डॉक्टरांनी तिचं मनगट पकडलं. तिनं पदर उलगडला. पांढरे जाडसर खडे होते, ओलसर झालेले. डॉक्टरांनी एक कण बोटावर घेतला, हुंगला आणि जिभेला लावला.

‘यह तो नमक है.’

‘मंग काय बोलून राह्यली मी?’ इंदुमती रडायलाच लागली. ‘मीठ. मीठच तो बोल रही पहले दिन से. मेरे को मीठ बहुत लगता.’

 जनार्दनला तो पहिला दिवस आठवला. ती हेच म्हणाली होती, ‘मेरे को मीठ बहुत लगता’, आणि तो शेजारीच बसला होता. त्यानं नीट ऐकलंही होतं. त्याच्या कानाला मीठ म्हणजे मीठच ऐकू आलं होतं, त्यामुळे समोरच्या माणसाच्या कानात त्याची साखर झाली असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. दोनदा साखर तपासली तेव्हाही नाही. त्या वेळी तो डॉक्टरांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होता.

‘मीठ मतलब नमक,’ तो पुटपुटला. ‘हमारी मराठी में.’

मग डॉक्टर भराभर विचारू लागले आणि इंदुमती डोळे पुसत सांगू लागली. लहानपणापासून. अकोल्यात वाण्याच्या दुकानाबाहेर खड्या मिठाची पोती असायची, शाळेत जाताना ती आणि धाकटी बहीण अनुसया एकेक खडा उचलून चघळत जायच्या. अनुसयेचेही हात असेच वळायचे. आई म्हणायची बाहेरचं आहे, अंगारा लावायची. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘दोनों बहनें,’ ते म्हणाले. ‘तब तो जन्म से है. दरवाज़ा ही ऐसा बना है. नमक जितना जाता है उतना खाना ही पड़ेगा आपको, ऊपर से पोटॅशियम. अब तक खड़ी कैसे रहीं आप? घर में तो नमक मिलता होगा ना?’

‘ये बंद कर दिए,’ तिनं जनार्दनकडे न पाहता सांगितलं. ‘मेरी सास ने खिलाया. पड़ोस से मांग के लाती थी, चाय में डालती थी. इनसे छुपा के.’

‘उन्हीं ने आपको बचाया है,’ डॉक्टर म्हणाले, आणि मोकळ्या मनाचा माणूस असल्यानं पुढेही बोलून गेले, ‘मुझे माफ़ कीजिए. मैंने तो समझा आप गोलियां खा रही हैं. आपके पति से भी कहा था कि गोलियां ताले में रखकर देखिए.’

इंदुमतीनं आता वळून नवऱ्याकडे पाहिलं. जनार्दनचा हात आतल्या खिशाकडे गेला होता.  ‘डॉक्टर साहब,’ तो म्हणाला, ‘मेरी मां पानी की गोली लेती है. दिल के लिए. मैंने... बंद कर रखी है.’ डॉक्टरांनी सूज कुठवर चढली आहे ते विचारलं. रात्री झोपता आलं का ते विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात संशय नव्हता, हेच त्याला सोसवेना. ‘जाइए,’ ते म्हणाले, ‘अभी जाकर दीजिए. मैं दवाखाना छोड़कर पीछे-पीछे आता हूं.’

ऑटोरिक्षात इंदुमती दुसऱ्या टोकाला बसली होती. ऊन चढलं होतं, सांगानेरी छापाचे कपडे दुकानांबाहेर वाऱ्यावर उडत होते, आणि तिनं रस्त्याकडे पाहतच विचारलं, ‘तुमाले काय वाटलं? मी खाल्ल्या, का आत्यानं चारल्या?’

जनार्दननं आतल्या खिशातलं पाकीट कोटावरूनच चाचपलं.

‘दोनी वाटलं,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

घरी द्वारकाबाई पाठीशी दोन्ही उशा लावून बसली होती. प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागत होता, त्याचा आवाज दारापर्यंत येत होता. जनार्दननं पेला भरला, कोटातून पाकीट काढलं, गोळी सोडवली आणि आईच्या तळहातावर ठेवली. ‘घे, माय. चुकलं माह्यं. घे लवकर.’ म्हातारीनं पाकिटाकडे पाहिलं, ते ज्या खिशातून निघालं त्या खिशाकडे पाहिलं. तिच्या डॉक्टरांनी काही सांगितलंच नव्हतं, हे तिला समजायला वेळ लागला नाही. गोळी तिनं तोंडाशी नेली नाही. उघडा तळहात तसाच सुनेपुढे धरला.

‘इंदू, पाह्य व बाई. हे माहीच गोयी हाये का?’

‘माय, मी आणतो ना त्या,’ जनार्दन म्हणाला. ‘तुहीच हाये ते. घे ना.’

द्वारकाबाईनं हात हलवला नाही. धाप लागत होती, तरी ती थांबली. इंदुमती भिंतीला धरत खाटेपर्यंत आली, सासूच्या हातातली गोळी उचलून तिनं खिडकीच्या उजेडात नेली, नीट पाहिली आणि परत आणून सासूच्या हातावर ठेवली. ‘हो, आत्या. तुमचीच हाये. घ्या,’ ती म्हणाली. म्हातारीनं मान डोलावली आणि गोळी तोंडात टाकली. माठ खाटेच्या उशालाच होता. इंदुमतीनं वाकून त्यातलं पाणी काढलं आणि तिच्या ओठांना लावलं. जनार्दन आपला भरलेला पेला हातात धरून उभा होता, तो कुणी मागितला नाही.